बैल पुरायचा म्हणजे

बैल मेला की पहिला प्रश्न वजनाचा येतो. दुःख असतंच, पण दुःखाला थांबता येतं. साडेतीन-चारशे किलोचं धूड श्रावणातल्या ढगाळ उकाड्यात थांबत नाही. दुपार व्हायच्या आत पोट फुगतं, पाय ताठ होतात आणि सांगितलेला खड्डा अपुरा पडतो. जेसीबीवाल्याला हे सगळं पाठ होतं. त्यानं फोनवर आधी हेच विचारलं, "कवा गेला? पाय दुमडल्यालं हायत का ताठ झाल्यात?" मी गोठ्यात जाऊन बघून आले. पुढचे दुमडलेले, मागचे ताठ. "मग नऊ फूट लांबी धरा," तो म्हणाला. "आन मीठ आणून ठेवा. गोणीनं."

मी सांगलीला शाळेत शिकवते. पंधरा ऑगस्टला जोडून रजा टाकून गावी आले होते, म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं. भाऊ चाकणला कंपनीत, त्याला शिफ्ट सोडता येईना. वहिनी आणि पुतण्या गावीच असतात, पण वहिनीला फोनाफोनी नको होती आणि आबा, म्हणजे माझे वडील, तर सकाळपासून दावणीजवळ पोतं टाकून बसलेले. ते कुणाशी बोलत नव्हते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. खिल्लार बैलांचा मुलूख. मेलेला आमचा पाखऱ्या खिल्लारच, पांढराफेक, शिंगं मागं वळून पुन्हा वर गेलेली. आबांनी तो खोंड असताना सांगोल्याच्या बाजारातून आणला आणि हरण्याशी त्याची जोडी जमवली. त्या जोडीवर माझं डी.एड. झालं, भावाचं आयटीआय झालं. अलीकडे काम काहीच नव्हतं. नांगरट ट्रॅक्टरनं, पेरणीही ट्रॅक्टरनं. वर्षातून एकदा बेंदराला शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी चारायची आणि गावातून मिरवून आणायचं. बाकी वर्षभर तो खायचा आणि आबा त्याच्याशी बोलायचे.

हरण्याचं काय झालं, ते आमच्या घरात कुणी काढत नाही. २०१३ च्या दुष्काळात जनावरं चारा छावणीत होती. हरण्याचा मागचा पाय तिथंच गेला. छावणी उठल्यावर आबांनी त्याला बाजार दाखवला. आमच्याकडे एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. लंगडा बैल बाजारात औतासाठी कोण घेणार? गिऱ्हाईक कोण होतं ते आबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. संध्याकाळी आबांनी पैसे न मोजता आईच्या हातात ठेवले आणि न जेवता झोपले. त्या पैशातून माझ्या लग्नाच्या देण्यातला एक हप्ता फिटला.

मग २०१५ साल आलं. गोवंश हत्याबंदी आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं होतीच, पण ती गायीपुरती. बैल आणि वळू त्यात नव्हते. १९९५ साली विधिमंडळानं केलेली दुरुस्ती वीस वर्षं राष्ट्रपतींच्या सहीसाठी पडून होती, ती २०१५ च्या मार्चमध्ये लागू झाली. आता बैल कापला किंवा कापायला विकला तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली रद्द केलं. त्याचा आमच्या दावणीशी काही संबंध नव्हता. दावणीवर झालेला परिणाम साधा होता. म्हाताऱ्या बैलाला दारात येऊन भाव करणारा माणूस यायचा बंद झाला.

त्यामुळं पाखऱ्या म्हातारा होऊन आमच्याच गोठ्यात मेला याचं श्रेय आमच्या प्रेमाला किती आणि कायद्याला किती, हे मला वाटून देता येत नाही. आबांना देता येतं. ते म्हणतात, "कायदा नसता तरी इकला नसता." असेलही. हरण्याच्या वेळी कायदा नव्हता.

पाखऱ्या बेंदरानंतर बसला. बैल बसला म्हणजे आपणहून उठत नाही. चौघांनी मिळून पोटाखाली पोती घालून उचलायचा, पुन्हा बसतो. एका कुशीवर राहून कातडी सोलवटते, म्हणून कूस बदलायची. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी सलाईन लावलं, दुखणं थांबायला मेलॉक्झिकॅम टोचलं. आबांनी हळूच विचारलं, "झोपायची सुई नसती का काय?" डॉक्टरांनी बाटलीकडे बघत उत्तर दिलं, "दोन-तीन दिवसांचा सोबती आहे तो, आबा. पाणी पाजत राहा." नको म्हणणं नव्हतं आणि हो म्हणणंही नव्हतं. खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरला आज म्हातारा बैल आपल्या हातानं संपवायचा म्हणजे चार लोकांच्या तोंडाला तोंड द्यावं लागणार, हे आबांनाही कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मेलॉक्झिकॅमचं नाव मी मुद्दाम घेतलं. त्याच्या आधी जनावरांना सर्रास डायक्लोफिनॅक टोचत. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली ती अशी. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, पण तोवर आमच्या माळावरचं आभाळ रिकामं झालं होतं. आबा सांगतात, ओढ्यापलीकडच्या माळावर पड, म्हणजे मेलेलं जनावर, टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची आणि संध्याकाळपर्यंत नुसती हाडं राहायची. हाडं गोळा करायला वेगळा माणूस यायचा. मी पाचवी-सहावीत असताना ती शेवटची बघितल्याचं आठवतं, मान खाली घालून बसलेली. आता त्याच माळावर पड टाकलं तर गावभरची कुत्री चार दिवस तिथं भांडतात आणि पाचव्या दिवशी शाळेच्या पोरांवर गुरगुरतात. फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीत गिधाडांसाठी मेलेली जनावरं नेऊन ठेवतात असं मी वाचलं होतं. ते मनाला पटतंही. पण माण तालुक्यातून बैल घेऊन फणसाडला कोण जाणार?

जाळणं हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. आमच्याकडे माणसाला लाकूड मिळता मिळत नाही. माझी एक मैत्रीण मुंबईत राहते. तिच्या कुत्र्याला मालाडच्या दाहिनीत नेलं होतं. महापालिकेनं २०२३ साली खास प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी सुरू केली, तिथं. तिनं फोनवर तिथली माहिती मला पाठवायची तयारी दाखवली. मी तिला पाखऱ्याचं वजन सांगितलं.

राहता राहिलं कातडं. हा विचार माझ्या डोक्यात होता आणि मी तो आबांसमोर बोलले नव्हते. शेजारच्या गावात ढोर समाजातले एक म्हातारे कातडी सोलायचे. आमच्या लहानपणी बैल मेला की त्यांना निरोप जायचा. नंबर शोधून फोन केला, तर मुलानं उचलला. "ताई, वडलांनी सोडलं ते," तो म्हणाला. "मी शिकलोच न्हाई. आन शिकलो असतो तरी आलो नसतो. कातडं गाडीवर टाकून निघालो आन वाटंत कुणी आडवलं, तर मेलेल्या बैलाचं हाय हे मी कुणाला पटवू?" २०१६ साली गुजरातेत उना इथं हेच झालं होतं. मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून भर गावात मारलं, आणि त्याचा व्हिडिओ देशानं बघितला. मग तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलणं थांबवलं आणि सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर पडं नेऊन टाकली. मी त्याला "बरोबर आहे तुझं" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय म्हणणार होते?

तर पुरायचं ठरलं. ठरलं म्हणजे दुसरं काही उरलं नाही.

जागा निवडायला डॉक्टरांनी फोनवरून मदत केली. विहिरीपासून लांब, ओढ्यापासून लांब, आणि पावसाचं पाणी साठत नाही अशा जागी. खड्डा सहा फूट तरी खोल, म्हणजे बैल ठेवल्यावर अंगावर निदान साडेतीन फूट माती येते आणि कुत्री उकरत नाहीत. लम्पी, फऱ्या, घटसर्प असल्या रोगानं मेलेलं असतं तर चुना सक्तीचा होता. २०२२ साली लम्पी आली तेव्हा गावानं एवढे खड्डे खणले की जेसीबीला रांग लागली होती. त्या वेळी सरकारनं बैलामागं २५,००० रुपये, दुभत्या गायीमागं ३०,००० आणि वासरामागं १६,००० दिले होते. पंचनामे झाले, फोटो झाले. म्हातारपणानं मेलेल्याला काही नाही, आणि नसावं हेही बरोबर. आबांना बांधाकडंची वरची पट्टी हवी होती, लिंबाखाली. तिथं दीड फुटावर कातळ लागला. जेसीबीचं बकेट त्यावर घासून असं किंचाळलं की आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." मग खालच्या वावरात, मुरमाड जागी खड्डा झाला.

बैल गोठ्यातून वावरात न्यायचा हा सगळ्यात अवघड भाग, आणि आधी कुणी सांगत नाही असाही. नेहमीची पद्धत म्हणजे मागच्या पायाला साखळी बांधायची आणि जेसीबीनं फरफटत न्यायचं. चालकानं साखळी काढलीसुद्धा. तो झारखंडचा पोरगा, त्याला मराठी कळत होतं, आबांचा चेहरा त्याहून लवकर कळला. त्यानं साखळी परत ठेवली. ट्रॉली आणवली, फळ्या टाकल्या, पोटाखालून ताडपत्री सारली आणि सात-आठ जणांनी ओढून पाखऱ्याला ट्रॉलीत घेतला. ताडपत्री मधे फाटली. कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी हसलं. मढ्याभोवती जमलेली माणसं हसतातच, त्यात काही वाईट नसतं.

ट्रॉलीत चढवण्याआधी आबांनी विळ्यानं वेसण कापली. आईनं हळदकुंकू लावलं, नव्या टॉवेलाचं पान शिंगांवर टाकलं. गळ्यातला घुंगराचा पट्टा काढायचा की ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली. पुतण्याला हवा होता, त्याला दिला.

खड्ड्याशी डॉक्टरांची आणखी एक सूचना होती, ती मी आबांना सांगितली नाही, चालकानं सांगितली. पुरण्याआधी पोटाला छेद द्यावा, म्हणजे आतला वायू निघून जातो. नाहीतर पुरल्यावर पोट फुगत जातं, माती वर येते आणि भेगा पडतात. आबा म्हणाले, "सुरी लावायची न्हाई." चालक म्हणाला, "बाबा, मिट्टी उठेगी." आबा म्हणाले, "उठंना." शेवटी आणखी एक फूट खोल खणायचं ठरलं, तासाचा दर वाढला. मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं की इथं आबांचं प्रेम नव्हतं, दुसरंच काही होतं. सुरी म्हणजे खाटीक, सुरी म्हणजे कातडी सोलणारा. मेल्यावरही त्या बाजूला जायचं नाही ही जुनी धास्ती. एक गोणी मीठ खाली, एक अंगावर. मग बकेटनं माती.

माती ओढणं चालू असताना दादा आले. दादा म्हणजे आबांच्या शाळेतले सोबती, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांचं घर पूर्वीच्या महारवाड्यात, आताच्या बुद्धविहाराशेजारी. त्यांचे आजोबा गावचे येसकर, म्हणजे वेशीचे राखणदार होते. दादा खड्ड्याच्या कडेला उभे राहिले, हात जोडले आणि आबांच्या शेजारी येऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझा आजा असता तर तू रातीच निरोप धाडला असतास."

आबा म्हणाले, "धाडला असता."

"आन आम्ही चौघं-पाच जण येऊन वडून न्हेला असता. हितं मीठ कशाला लागलं असतं?"

मग दादांनी मला सांगितलं, कारण आबांना ते माहीतच होतं. पड ओढायचं, माळावर न्यायचं, सोलायचं. कातडं गावच्या हिशोबात जायचं, मांसाचे वाटे पडायचे. ज्याचं घर मोठं त्याला दोन वाटे. ताजं तेवढं त्या दिवशी शिजायचं, उरलेल्याच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या. त्या चान्या पावसाळ्यात पुरायच्या. त्यांच्या आजीला कुठल्या बैलाचं मांस आहे ते नावानिशी ठाऊक असायचं, कारण तो बैल तिनं जिवंत असताना शेण काढताना रोज बघितलेला असायचा. "म्हंजे बग," दादा म्हणाले, "तुमी ज्याला पोळी चारली त्यालाच आम्ही खाल्लं. आन विटाळ आमचा."

महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मृत मांस सोडायला सांगितलं. दादांच्या आजोबांपर्यंत ते पोचायला आणखी काही वर्षं लागली. पोचलं तेव्हा त्यांनी चान्यांचं मडकं ओट्यावर आणून फोडलं आणि गावाला निरोप दिला की इथून पुढं पड ओढणार नाही. गावानं बलुत्याचं धान्य बंद केलं. एका पाटलाची म्हैस दारात चार दिवस पडून होती. पाचव्या दिवशी पाटलांच्या पोरांनीच नाकाला फडकी बांधून ती ओढली, आणि ती ओढताना बघायला अख्खा महारवाडा वेशीत उभा होता. ही गोष्ट दादांनी इतक्या चवीनं सांगितली की आबासुद्धा हसले. ते पाटील आबांचे चुलत आजोबा होते.

मी इथं बोलले. मी म्हटलं, "पण दादा, एका अर्थानं ते वाया तरी जात नव्हतं ना? आता बघा, कातडं, मांस, हाडं, सगळं मातीत. वरून मीठ घालून जमीनही खराब." मी वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या चर्मालयाचं सांगितलं. गांधीजींच्या प्रेरणेनं गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं. तिथं फक्त आपोआप मेलेल्या जनावरांचं कातडं कमवायचे, आणि स्वतः कातडं सोलायला, कमवायला तयार असलेली सवर्ण माणसंही तिथं होती.

दादांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाया जातंय तर सोल की. अजून तोंड उघडं हाय खड्ड्याचं. सुरी मी देतो."

कुणी काही बोललं नाही. जेसीबी तेवढा चालू होता.

दादांनीच ते मोडलं. "रागावून न्हाई म्हणत, पोरी. पर ह्यो प्रश्न आमाला इचारायचा न्हाई. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सांगितलंय बग. जित्या जनावराचं दूध तुमी पिणार, मेल्यावर आमी वडायचं? तुमची आई मेली तर तुमीच उचलता नव्हं? मग ही पण उचला." १५ ऑक्टोबर १९५६ चं ते भाषण. दादा लहान होते, पण त्यांच्या वडलांनी तिथून येऊन ते शब्दांसकट सांगितलं होतं. मृत जनावरांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात ते का सोडायला लावता, असं बाबासाहेबांना विचारणारे लोक होते, आणि पाचशे मी देतो, तुम्ही ओढा, असं त्यांनी उत्तर दिलं होतं, हेही दादांनी सांगितलं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आज आमी उचलला की."

"उचललास," दादा म्हणाले. "म्हणून तर आलोय."

घरी चहा झाला तेव्हा वाद खरा रंगला, कारण आता तो आबा आणि दादा या दोघांचा झाला. आबांचं म्हणणं, ज्यानं आपल्याला खायला घातलं त्याला खायचं कसं? औताचा बैल घरचा माणूस. दादांचं म्हणणं, मग म्हशीनं काय घातलं? तिनं तर तोंडात दूध घातलं. म्हैस आटली की बाजारला जाते, कायदा तिला आडवत न्हाई, तुझ्याच गोठ्यातनं तीन गेल्या. आबा म्हणाले, म्हशीचं येगळं. दादा म्हणाले, काय येगळं? आबा म्हणाले, येगळं म्हंजे येगळं. आईनं मधेच सांगितलं की कोंबड्यांत मानमोडी आली की आमच्या सासूबाई मरायच्या आधी सुरी फिरवून रस्सा करायच्या, आणि त्यातली एक कोंबडी त्यांच्या मांडीवर येऊन बसणारी होती. मरायच्या आधी सुरी फिरली तर जेवण, नंतर फिरली तर मढं. दहा मिनिटांचा फरक.

मी मटण खाते, आवडीनं खाते. त्यामुळं पुरणं म्हणजे प्रेम आणि खाणं म्हणजे क्रौर्य, अशी सरळ विभागणी मला करता येत नाही. दादांची आजी बैल नावानिशी ओळखून खात होती, आणि मला तिचं ते ओळखणं आमच्या बेंदराच्या पुरणपोळीपेक्षा कमी वाटत नाही. भुकेपोटी खाल्लं, पण न ओळखता नाही खाल्लं. अपमान मांसात नव्हता. एकानं जीव लावायचा आणि त्या जिवाचं मढं दुसऱ्यानं वाहायचं, वर वाहणाऱ्याला बाटलेला म्हणायचं, अपमान या वाटणीत होता. पाखऱ्याचं कातडं कमावून आबांच्या पायात वहाण म्हणून आलं असतं तर मला त्यात वावगं वाटलं नसतं, फक्त ते सोलणारा हात आमच्या घरातला हवा होता. तो हात आमच्याकडे नाही. मी सुरी घेतली नसती, आबांनी घेतली नसती, चाकणहून भावानं येऊन घेतली नसती. म्हणून पुरला. यात श्रद्धा किती आणि नाइलाज किती, याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

गावानं मात्र श्रद्धेचा भाग उचलून धरला. दुसऱ्या दिवशी तरुण मंडळाची पोरं आली. फ्लेक्स लावू, "भावपूर्ण श्रद्धांजली", पाखऱ्याचा बेंदरातला फोटो, खाली शोकाकुल म्हणून सगळ्यांची नावं. तालुक्यात एकानं शर्यतीच्या बैलाचं तेरावं घातलं, गावजेवण दिलं, कीर्तन ठेवलं, तसं करू म्हणाली. शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यापासून, बैलाचं नाव फ्लेक्सवर येण्याची चालच पडली आहे. आबांनी विचारलं, खर्च कोण करणार? पोरं म्हणाली, वर्गणी. आबा म्हणाले, "तीच वर्गणी जेसीबीला द्या." फ्लेक्स झाला नाही. पुतण्यानं स्टेटस ठेवलं तेवढंच.

मग दवाखान्यातून फोन, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर सांगा, नोंद बंद करायची आहे. बिल्ला बैलाबरोबर गेला होता. सुदैवानं लसीकरणाच्या कार्डावर नंबर होता. जेसीबीच्या चालकाचं म्हणणं खरं ठरलं, आठवड्याभरात माती वर आली, भेगा पडल्या, आणि आबांनी आणखी दोन पाट्या मुरूम टाकून ती दाबली. त्याबद्दल त्यांनी मला फोनवर काही सांगितलं नाही, वहिनीनं सांगितलं. रब्बीला त्या तुकड्यात नेहमीसारखा जोंधळा पेरला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, चाक रुतेल, तेवढी जागा सोडतो. आबा म्हणाले, सोडू नको, फाळ वरवर चालव.

हे सगळं तिथंच संपलं असतं, पण चैत्रात जत्रा आली. जत्रेला बोकड लागतो, आणि तो वर्षभर घरचाच असतो. या खेपेचा बोकड पुतण्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला, शेळी व्याल्यावर मेली म्हणून. जत्रेच्या आठवडाभर आधी पुतण्या आबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाखऱ्याला पुरलं, मग ह्याला का खायचं?"

आबा म्हणाले, "बैल येगळा, बोकड येगळा." पण या वेळी त्यांनाच ते ऐकून कसंसं झालं असावं, कारण त्यांनी लगेच दादांच्या घराकडं बघितलं. दादा तिथं नव्हते. आई म्हणाली, देवाचा नवस आहे. पुतण्या म्हणाला, नवस तू बोललीस, बोकड माझा. वहिनी म्हणाली, मग विकून टाकू. पुतण्या मोठा हुशार, त्याला विकणं म्हणजे काय ते कळतं, त्यानं हरण्याचं नाव घेतलं. ते त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

शेवटी देवाला नारळ फोडला. पाहुण्यांसाठी तालुक्याच्या गावाहून चार किलो मटण आणलं, दुसऱ्या कुणाच्या तरी बोकडाचं. पुतण्यानं रस्सा दोनदा घेतला, नळीही मागून घेतली. त्याचा बोकड अजून दारात आहे, आता चांगलाच थोराड झालाय आणि वास मारतो. गिऱ्हाईक आलं की पुतण्या त्याला सोडून रानात घेऊन जातो आणि गिऱ्हाईक गेल्यावर परत आणतो. आबा गिऱ्हाइकाला चहा पाजतात आणि सांगतात, बोकड हाय खरा, पर आत्ता घरात न्हाई.